कोल्हापूर ते मुंबई विमानानं खरंच २२ मिनिटं?

पेठेतला | १८ जानेवारी, रात्री ९:१२

मंडळी, साधा प्रश्न आहे, पण उत्तर एक काही येईना. फेब्रुवारीत आईला लंडनला धाडायचंय, ताईचं बाळंतपण आहे. मुंबईपर्यंत मी सोडायला जाणार. आईचे गुडघे दुखतात, रात्रभर बसमध्ये बसवणार नाही म्हणून विमानाचं बघतोय.

आता गंमत बघा. एका वेबसाइटवर कोल्हापूर-मुंबई अंतर ३०८ किलोमीटर, वेळ २२ मिनिटं. दुसरीकडं ५३ मिनिटं. तिकिटावर १ तास ५ मिनिटं. आणि अंतर म्हणाल तर गाडीचं मॅप पावणेचारशेच्या वर दाखवतंय, रेल्वेच्या तिकिटावर ५१८. गाव तेच, मुंबई तीच. मग हे २२ मिनिटांचं काय गौडबंगाल आहे? २२ मिनिटांत आमची रिक्षा मंगळवार पेठेतून तावडे हॉटेलला पोचत नाही.

शिरोलीनाका | १८ जानेवारी, रात्री ९:२०

२२ मिनिटांत मुंबई? मर्दा, मग डबा देऊन परत यायला हरकत नाही की.

चाफा | १८ जानेवारी, रात्री ९:३१

विमानानंच न्या आईंना. मी माझ्या सासूबाईंना दोन वर्षांपूर्वी बसनं नेलं, स्लीपर होती तरी. खंबाटकी उतरताना त्या उठून बसल्या त्या पनवेलपर्यंत झोपल्याच नाहीत. पुढचे तीन दिवस पाय सुजलेले. वेळेचं मला कळत नाही, जाणकार सांगतील.

गणित_निवृत्त | १८ जानेवारी, रात्री १०:०५

पेठेतला, अंतराचं मी सांगतो, चौतीस वर्षं हेच शिकवलंय.

३०८ ही सरळ हवाई रेषा. कागदावर स्वतः काढून बघा, फार अवघड नाही. कोल्हापूरचा विमानतळ साधारण १६.७ उत्तर अक्षांश, ७४.३ पूर्व रेखांश. मुंबईचा १९.१ आणि ७२.९. अक्षांशातला फरक २.४ अंश. एका अंशाला १११ किलोमीटर, म्हणजे उत्तरेकडं २६६. रेखांशातला फरक १.४ अंश. पण रेखांश ध्रुवाकडं जवळजवळ येत जातात, म्हणून १११ ला १८ अंशाच्या कोसाइननं, म्हणजे ०.९५ नं गुणायचं. पश्चिमेकडं आले १४८. आता पायथागोरस: २६६ चा वर्ग अधिक १४८ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ काढलं की ३०४-३०५. मी दशांश एकच घेतला म्हणून तीन-चार किलोमीटर इकडंतिकडं. एवढ्या जवळच्या अंतराला पृथ्वीचा गोलवा धरला नाही तरी चालतं. लंडनला मात्र हे सूत्र लावू नका, तिथं पायथागोरस फसतो.

२२ मिनिटांचं गौडबंगालही सोपं आहे. ३०८ भागिले ताशी ८५० किलोमीटर. कुणीतरी मोठ्या जेटचा वेग धरून सरळ भागाकार केलाय. पोरं परीक्षेत असंच करतात, उत्तर बरोबर, प्रश्न चुकीचा.

पेठेतला | १८ जानेवारी, रात्री १०:११

सर, दंडवत. म्हणजे आकडा खोटा नाही, पण उपयोगाचा नाही.

उडता_बावडेकर | १८ जानेवारी, रात्री ११:४८

उशिरा आलो, ड्युटी होती. विमानतळाच्या कामाशी संबंध आहे, कुठल्या ते विचारू नका. भागाकार का चुकतो ते सांगतो.

पहिली गोष्ट, कोल्हापूरला येणारी विमानं दोन जातीची. एक पंख्यांचं एटीआर, ते ताशी पाचशेच्या आसपास जातं, पंधरा-वीस हजार फुटांवरून. दुसरं एम्ब्रेअर, ते जेट, वर गेल्यावर आठशेच्या पुढं पळतं. तिकीट काढताना विमान कुठलं ते लिहिलेलं असतं.

दुसरी गोष्ट, जेट असलं तरी ३०० किलोमीटरात त्याला पळायला मैदानच मिळत नाही. चढण्यात पंधराएक मिनिटं, उतरण्यात वीसएक. मध्ये सपाटीवर राहिलं किती? यष्टीला प्रत्येक फाट्यावर थांबा दिला तर नवीन इंजिनाचा काय उपयोग, तसं. म्हणूनच एवढ्या अंतराला पंख्यांचं विमान जेटच्या फार मागं पडत नाही, आणि डिझेल, म्हणजे इंधन हो, बरंच कमी पितं.

तिसरी, विमान सरळ रेषेत जात नाही. आपल्या कोल्हापूर विमानतळाची, म्हणजे उजळाईवाडीची, धावपट्टी पूर्व-पश्चिम. वाऱ्याप्रमाणं कधी पूर्वेला तोंड करून सुटायचं, मग वळायचं. मुंबईत बहुतेक वेळा उतरणं पूर्वेकडून, घाटकोपरच्या डोक्यावरून. तुम्ही जाताय दक्षिणेकडून. म्हणजे वळसा घालून रांगेत लागायचं. मुंबईला धावपट्ट्या दोन, पण एकमेकींना छेदणाऱ्या, त्यामुळं दोन्हीवर एकदम कारभार चालत नाही. गर्दी असली की आकाशात घिरट्या. तुमचे ३०८ चे साडेतीनशे झाले समजा.

आणि तिकिटावरचे १ तास ५ मिनिटं हवेतले नसतात. विमान इथल्या जागेवरून हललं ते तिथं जागेवर थांबलं, तो सगळा वेळ. त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. नियमातली फ्लाइट टाइमची व्याख्याही जवळपास तीच आहे, चाकं हलल्यापासून धरतात. तुम्हाला दिसलेली ५३ मिनिटं मधलंच काहीतरी. हवेत प्रत्यक्ष ४० ते ५०.

शिरोलीनाका | १९ जानेवारी, सकाळी ७:४०

बावडेकर भावा, "डिझेल पितं" वाचून चहा सांडला.

बाकी रेल्वे ५१८ कशी काय ते कुणी सांगितलं नाही. सरळ ३०८ आणि रेल्वे ५१८? दोनशे किलोमीटर कुठं गेले?

जुनी_लाईन | १९ जानेवारी, सकाळी ९:०२

मी सांगतो. आमचे आजोबा मिरजेला लोकोत होते, घरात हाच विषय असायचा.

कोल्हापूरहून निघालेली गाडी मुंबईकडं जातच नाही आधी. ती जाते पूर्वेला मिरजेला, उलट्या दिशेला, ४८ किलोमीटर. कारण १८९१ ला संस्थाननं जी लाईन टाकली ती मिरजेला मोठ्या रेल्वेशी जोडायला. तिथून सांगली, कराड, सातारा, मग लोणंद, नीरा, जेजुरी करत शिंदवण्याच्या घाटातून पुण्याला उतरते. पूर्वी मीटरगेज होती तेव्हापासून हीच वाट, म्हणून वळणं भरपूर. पुण्याहून पुढं खंडाळा. महालक्ष्मी एक्सप्रेस रात्री सुटते, सकाळी सातनंतर मुंबई. अकरा तासांच्या आसपास. झोपून जायचं असेल तर आजही तिच्यासारखी सोय नाही, हे माझं मत.

रस्त्याचे पावणेचारशे का, तर महामार्ग कराड-सातारा-पुणे असा पठारावरूनच जातो आणि लोणावळ्याला खाली उतरतो. सरळ जायचं तर मध्ये सह्याद्री आहे.

गणित_निवृत्त | १९ जानेवारी, सकाळी ११:२५

जुनी_लाईन यांचं वाचून उठलो आणि भिंतीवरच्या महाराष्ट्राच्या नकाशावर दोरा ताणला. एक टाचणी उजळाईवाडीला, एक सांताक्रूझला. फार मजेशीर निघालं.

दोरा जोतिबाच्या डोंगराला अगदी खेटून जातो, पन्हाळा डावीकडं राहतो. मग सरळ कोयनेच्या शिवसागर जलाशयावरून. पुढं महाबळेश्वर उजव्या हाताला, प्रतापगड दोऱ्याखालीच, रायगड किंचित उजवीकडं. मग पेण, आणि खाडी ओलांडून मुंबई. पुणे कुठंच नाही! सातारासुद्धा नाही. आपण आयुष्यभर मुंबई म्हटलं की पुण्यावरून असं धरून चाललोय, आणि नकाशा म्हणतो पेणवरून.

नातीनं विचारलं, "आजोबा, मग लोक पेणवरून का जात नाहीत?" मी म्हटलं जातात की, आंबा घाट उतरून साखरपा, संगमेश्वर, चिपळूण. पण ते चारशेच्या घरात जातं आणि कोकणातली वळणं वेगळीच.

चाफा | १९ जानेवारी, दुपारी १२:०३

सर, खरंच! मी ऑक्टोबरात गेले होते तेव्हा डावीकडच्या खिडकीला होते. ढग फाटले तेव्हा खाली पाणी दिसलं, लांबच लांब, काठाला लाल मातीची पट्टी, बोटं फुटल्यासारखं डोंगरात घुसलेलं. मला वाटलं कुठलीशी नदी. शेजारचे गृहस्थ म्हणाले कोयना. दोन मिनिटांत गेलंही.

शिरोलीनाका | १९ जानेवारी, दुपारी १२:१०

कोकणात उतरणारी वैभववाडीची रेल्वे झाली की सांगा, तोवर आम्ही पुण्यावरून.

सकाळची_मिसळ | १९ जानेवारी, दुपारी १:३०

सगळे भारी हिशेब करताय, पण एक वाईट अनुभव टाकतो, कारण आईंना पुढं लंडनचं विमान गाठायचंय.

मागच्या पावसाळ्यात माझं सकाळचं विमान होतं, दुपारी मुंबईत इंटरव्ह्यू. विमान मुंबईहून यायचं आणि तेच परत जायचं. इथं ढग खाली आलेले, धुवांधार. वर दोन चकरा मारल्याचा आवाज ऐकू आला, आणि मग बोर्डावर "वळवले". आमचं सुटायचं विमानच दुसऱ्या गावाला जाऊन बसलं. पैसे परत मिळाले, पण इंटरव्ह्यू गेला. कंपनीचं नाव घेत नाही, पावसाला ती काय करणार. पण काउंटरवर सांगायलाही कुणी धड नव्हतं, त्याचा राग अजून आहे.

मुद्दा हा की मोठ्या शहरात एक चुकलं तर दोन तासांनी दुसरं असतं. इथं दुसऱ्या दिवशी, किंवा त्याहून पुढं. त्यामुळं तासाचा प्रवास चुकला तर दिवसाचा होतो.

उडता_बावडेकर | १९ जानेवारी, दुपारी २:१५

सकाळची_मिसळ यांचं बरोबर आहे. फेब्रुवारीत तो पावसाळी घोळ नसतो, सकाळी धुकं असू शकतं. दुपारचं विमान असेल तर उत्तम.

पेठेतला, काही कामाच्या गोष्टी:

मुंबईचं आणि लंडनचं तिकीट वेगवेगळं काढलंय का? तसं असेल तर पहिलं विमान उशिरा पोचलं म्हणून दुसरं थांबणार नाही, पैसेही बुडतील. मध्ये निदान सहा तास ठेवा. आंतरराष्ट्रीयला तीन तास आधी बोलावतात, त्यातून मागं मोजत या.

टर्मिनल बघा. पहिलं आणि दुसरं यांच्यात बाहेरच्या रस्त्यानं जावं लागतं. आणि आता तिकिटावर बीओएम (मुंबईचा जुना विमानतळ) आहे की एनएमआय (नवी मुंबईचा) तेही वाचा, नवी मुंबईचा विमानतळ सुरू झालाय. उलव्यात उतरून अंधेरीचं विमान पकडायला धावणारी मंडळी पुढं दिसणार आहेत, लिहून ठेवा.

व्हीलचेअर तिकिटासोबतच मागून ठेवा. फुकट असते. संकोच करू नका, लंडनला उतरल्यावर चालणं फार आहे.

सामान. देशातल्या विमानाला साधारण १५ किलो, लंडनच्याला २३ किंवा जास्त. तिकीट वेगळं असेल तर पहिल्यावर जास्तीचे पैसे भरावे लागतील. लोक इथंच फसतात.

पेठेतला | १९ जानेवारी, दुपारी २:४०

बावडेकर, तुम्ही दरवाजात उभं राहून आमचं घर बघताय का? तिकिटं वेगवेगळीच आहेत. आणि आईनं आत्ताच डिंकाचे लाडू, अळीव, मेतकूट, कांदा-लसूण चटणी असं काढून ठेवलंय. नुसती चटणीच चार किलो. म्हणते तिकडं मिळत नाही.

चाफा | १९ जानेवारी, दुपारी २:५२

चटणी हातातल्या पिशवीत अजिबात नको. तिखट-मसाला तिथं अडवतात. मोठ्या बॅगेत, दोन पिशव्यांत गुंडाळून. आणि सुक्या खोबऱ्याच्या वाट्या देऊ नका, ते पेट घेणारं म्हणून काढून ठेवतात. माझ्या जावेच्या बॅगेतून काढले होते. लाडवातलं किसलेलं चालतं बहुतेक, तरी कंपनीला विचारा.

शिरोलीनाका | १९ जानेवारी, दुपारी ३:०५

चार किलो चटणी लंडनमध्ये? तिकडं पाऊस सुरू होईल डोळ्यांतनं.

पेठेतला | १९ जानेवारी, रात्री ८:३०

आणखी एक विचारतो. लंडनचं तिकीट बघितलं तर जायला दहा तास आणि यायला पावणेनऊ. रस्ता तोच ना? का येताना उतार आहे?

उडता_बावडेकर | १९ जानेवारी, रात्री ११:२०

उतारच म्हणा. वरच्या थरात पश्चिमेकडून पूर्वेकडं जोराचा वारा वाहतो, हिवाळ्यात जास्तच. जाताना तो तोंडावर, येताना पाठीवर. विमान हवेच्या मानानं तेवढ्याच वेगानं जातं, जमिनीच्या मानानं फरक पडतो. मुंबई-लंडन सरळ अंतर ७,२०० किलोमीटर, एवढ्या लांबीवर तासभर सहज फिरतो. कोल्हापूर-मुंबईला ह्या वाऱ्याचा फरक पाच-सात मिनिटांवर नाही.

शिवाय वाट कुणाच्या हद्दीतून जाते त्यावरही असतं. २०२५ च्या एप्रिलपासून भारतीय कंपन्यांना पाकिस्तानवरून जाता येत नाही. दिल्लीला त्याचा फटका मोठा, मुंबईला त्या मानानं कमी, कारण आपण तसेही समुद्रावरून निघतो.

गणित_निवृत्त | २० जानेवारी, सकाळी ६:५०

आणि तिकिटावर लिहिलेल्या दोन वेळांची सरळ वजाबाकी करू नका. दोन्ही त्या-त्या गावच्या असतात. लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं, मार्चच्या शेवटच्या रविवारनंतर साडेचार. आईंचं परतीचं तिकीट उन्हाळ्यात असेल तर तासाचा फरक लक्षात ठेवा. फोन करताना तर नक्कीच, पहाटे तीनला बाळाची चौकशी नको.

कागलकर_बंगळूर | २० जानेवारी, सकाळी १०:१५

विषय थोडा बाजूला नेतो. मी बंगळूरला असतो. गाडीनं सहाशेच्या वर, दहा-अकरा तास. विमानाची सरळ रेषा ५३० च्या आसपास. म्हणजे आमच्याकडं रस्ता आणि रेषा यांत फरक कमी, कारण मध्ये सह्याद्री आडवा येत नाही, महामार्ग धारवाड-हुबळीवरून पठारानंच येतो. मुंबईवाल्यांना घाट महाग पडतो. हे दोऱ्याचं वाचून पहिल्यांदाच डोक्यात शिरलं, सर.

जुनी_लाईन | २० जानेवारी, सकाळी ११:००

पुराचंही कुणीतरी लिहा. २०१९ च्या ऑगस्टला आणि २०२१ च्या जुलैला शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली. मुंबई राहू द्या, शिरोली लांब झाली होती. विमानतळ पंचगंगेच्या अलीकडच्या अंगाला आहे ही त्यातली एक बरी गोष्ट.

शिरोलीनाका | २० जानेवारी, सकाळी ११:१२

लिहायचं काय, आम्ही तिकडंच राहतो. २०१९ ला माझा चुलतभाऊ कोल्हापुरात आणि मी शिरोलीत. मध्ये फक्त पूल. पाच-सहा दिवस फोनवरच बोललो. कुठल्या वेबसाइटवर ते अंतर किती मिनिटं दाखवत होते कुणास ठाऊक.

पेठेतला | १६ फेब्रुवारी, रात्री १०:४४

धागा वर काढतोय. काल आईला सोडून आज महालक्ष्मीनं परत आलो. सरांनी शिकवल्यासारखं सगळं घड्याळ लावून टिपलंय, फोनच्या मागच्या बाजूला कागद चिकटवून.

११:२० ला घरातून. त्याआधी अंबाबाईचं दर्शन, ते मोजत नाही. ११:४८ ला विमानतळ. नवीन इमारत आईनं पहिल्यांदाच बघितली, काळा दगड बघून म्हणाली, "हे तर देवळासारखं केलंय की." १२:१५ ला बॅग दिली. २१ किलो भरली, जास्तीचे पैसे भरले, चटणी घरी ठेवायला आई तयार नव्हती. मग नुसतं बसणं. १:२४ ला दार लागलं. १:३१ ला हललं. १:३८ ला चाकं उचलली.

२:१९ ला मुंबईत टेकलं. म्हणजे हवेत ४१ मिनिटं. २:३३ ला थांबलं, ब्लॉक टाइम ६२, तिकिटापेक्षा तीन मिनिटं कमी. बॅग २:५२ ला हातात, ३ ला बाहेर. घर ते मुंबईचा फूटपाथ, ३ तास ४० मिनिटं.

डावीकडची खिडकी मुद्दाम घेतली होती. पन्हाळा मला दिसला, आईला मी दाखवेपर्यंत पंख आडवा आला. कोयनेवर मात्र ऊन होतं. आई म्हणाली, "एवढंसं? ह्याच्यात गावं बुडाली व्हय रं?" तिचं आजोळ पाटणकडचं. मग ती बराच वेळ खिडकीला कपाळ टेकून होती, पाणी मागं गेलं तरी.

व्हीलचेअर मागितली होती ते फार बरं झालं. रात्रीच्या विमानाला सहा तास होते, मावशीकडं दादरला जायचं धाडस केलं नाही, तिथंच बसून पिठलं-भाकरी खाल्ली.

गणित_निवृत्त | १६ फेब्रुवारी, रात्री १०:५८

४१ मिनिटांत ३०८. सरासरी ताशी ४५०. जेट होतं का एटीआर?

पेठेतला | १६ फेब्रुवारी, रात्री ११:०२

जेट, सर. एका बाजूला एकच खुर्ची असलेलं.

गणित_निवृत्त | १६ फेब्रुवारी, रात्री ११:०६

बघा, आठशेनं पळणारं साडेचारशे पडलं. बावडेकरांचं फाट्यावरच्या यष्टीचं बरोबर होतं.

चाफा | १७ फेब्रुवारी, सकाळी ८:२०

आई पोचल्या का नीट? आणि चटणी?

पेठेतला | १७ फेब्रुवारी, सकाळी ८:३५

पोचली. जाताना नऊ तास पन्नास मिनिटं लागली, ताईनं विमानाच्या नकाशावर बघत बसून सांगितलं. चटणीची एक पिशवी बॅगेत फुटली. ताई म्हणते, सगळ्या दुपट्यांना कोल्हापूरचा वास येतोय.